पॅरिसचे नाव, गोव्याचे कापड

गेल्या स्नेहसंमेलनात आमच्या मुलींनी कुणबी नृत्य सादर केले. तांबड्या-पांढऱ्या चौकड्यांच्या साड्या साखळीहून भाड्याने आणल्या होत्या. गुळगुळीत, चमकदार, कृत्रिम धाग्याच्या. नाच झकास झाला, टाळ्याही पडल्या. खाली उतरल्यावर नववीतल्या एका मुलीने मला विचारले, "सर, आमच्या पणजीचं कापड असं घसरायचं का हो?" मी हसून नाही म्हणालो. तिने लगेच पुढचा प्रश्न टाकला, "मग ते विणायचं कोण?"

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे कष्टकरी बाईच्या या साडीला 'कापड' म्हणतात. दुकानातले कापड ते वेगळे, हे वेगळे. या कापडाविषयी मी पाच मिनिटे बोलू शकलो असतो, पण ते विणायचे कोण, याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. इतिहासात एम.ए. केलेल्या आणि तीस वर्षे तोच विषय शिकवणाऱ्या मुख्याध्यापकाला ही गोष्ट लागणारी होती.

त्याच आठवड्यात एका मासिकात पॅरिसच्या प्रसिद्ध वेशगृहांवरचा लेख वाचत होतो. वर्थ, शानेल, दिओर! कोणता झगा कोणत्या साली कोणी बेतला, पहिल्यांदा कोणी घातला, याची तारीखवार नोंद. दोन्ही गोष्टी मनात शेजारी-शेजारी बसल्या. एकीकडे अंगरख्याच्या प्रत्येक टाक्याला बाप आहे, दुसरीकडे शतकानुशतके अंगावर वागवलेल्या वस्त्राला धनी नाही. असे का झाले, हे शोधताना जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

*

पॅरिसच्या या उच्च शिवणकलेला फ्रेंच भाषेत 'ओत कुत्यूर' म्हणतात. तिचा जनक मानला जाणारा चार्ल्स फ्रेडरिक वर्थ फ्रेंच नव्हताच. १८२५ साली इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यात त्याचा जन्म झाला, लंडनच्या कापडदुकानांत त्याने उमेदवारी केली आणि विशी गाठता-गाठता तो नशीब काढायला पॅरिसला गेला. तिथल्या एका मोठ्या दुकानात नोकरी करून १८५८ मध्ये त्याने बोबर्ग नावाच्या भागीदाराबरोबर 'र्‍यू द ला पे' या रस्त्यावर स्वतःची पेढी थाटली. ऑस्ट्रियाच्या राजदूताची पत्नी प्रिन्सेस मेटर्निख हिने त्याचा झगा घातला, तो सम्राज्ञी यूजेनीच्या नजरेस पडला आणि वर्थचे भाग्य उघडले.

तोपर्यंत शिंपी हा घरी बोलवायचा माणूस होता. कापड बाईने निवडायचे, नमुना तिने सांगायचा, शिंप्याने मान डोलवायची. आपल्याकडेही तेच होते. चवथीच्या आधी भाटकाराच्या सोप्यावर मशीन मांडून अख्ख्या घराचे कपडे शिवणारा म्हाताऱ्या पिढीचा शिंपी आमच्या वयाच्या पुष्कळांनी पाहिला असेल. वर्थने हा रिवाज उलटा केला. नमुने तो ठरवू लागला, जिवंत स्त्रियांच्या अंगावर ते दाखवू लागला आणि गिऱ्हाइकांना आपल्या पेढीची पायरी चढायला लावली. शिवाय चित्रकाराने चित्राच्या कोपऱ्यात सही करावी तशी आपल्या नावाची पट्टी तो कपड्याच्या आतून शिवू लागला. बोटभर रुंदीची ती फीत. पण आज जगभर पसरलेल्या ऐषारामी वस्तूंच्या व्यापाराचा पाया तीच आहे, असे म्हटले तर वावगे होऊ नये.

या धंद्याची संघटना १८६८ मध्ये उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ साली, 'ओत कुत्यूर' या शब्दालाच फ्रान्समध्ये कायद्याचे संरक्षण मिळाले. कपडा गिऱ्हाइकाच्या मापाने शिवलेला हवा, पॅरिसमध्ये स्वतःची कार्यशाळा हवी, तिच्यात ठरावीक संख्येचे पूर्णवेळ कारागीर हवेत आणि वर्षातून दोनदा नवे नमुने दाखवायला हवेत. या अटी पाळणाऱ्या आणि सरकारी यादीत नाव असलेल्या पेढीलाच हा शब्द वापरता येतो. शब्दाला कुंपण घालणारे हे राष्ट्र!

युद्धाने पोळलेल्या, कापड मापून मिळणाऱ्या त्या पॅरिसमध्ये १२ फेब्रुवारी १९४७ रोजी क्रिस्तियाँ दिओर याने आपले पहिले नमुने मांडले. बारीक कंबर आणि मीटरच्या मीटर कापड खाणारा घेर पाहून काहींनी संताप व्यक्त केला, काहींनी डोक्यावर घेतले. या पेढीमागे पैसा होता मार्सेल बुसाक या कापडगिरणीवाल्याचा. भरपूर कापड खपवणारा घेर गिरणीवाल्याला का नावडावा? त्याच वर्षी दिओरने अत्तरही बाजारात आणले. शानेलबाईंनी आपले 'नंबर पाच' १९२१ मध्येच काढले होते. यातली मेख अशी की, हाताने शिवलेले झगे जगभरात मोजक्याच धनवंत बायका घेतात आणि त्यांवर पेढीचे पोट भरत नाही. पोट भरते अत्तरावर, पिशव्यांवर, चष्म्यांवर. झग्याने नाव मोठे करायचे आणि ते नाव बाटलीत भरून विकायचे. १९८७ साली लुई व्हिताँ आणि मोएत हेनेसी या कंपन्या एकत्र आल्या, त्यातून या व्यवसायातला जगातला सर्वांत मोठा समूह उभा राहिला. दिओरची पेढीही आज त्याच छत्राखाली आहे.

या कार्यशाळांत रात्रंदिवस टाके घालणाऱ्या बायकांना पॅरिसमध्ये 'पतीत मँ' म्हणतात, म्हणजे 'लहान हात'. शब्द मायेचा आहे, पण हातांना नाव नसते. पट्टीवर नाव एकट्या धन्याचे.

*

या व्यापाराची मुळे शोधत मागे गेलो तर वाट आपल्याच दारात येते. सतराव्या शतकात हिंदुस्थानच्या रंगीत, छापील सुती कापडाने फ्रान्सला असे वेड लावले की तिथले रेशमाचे आणि लोकरीचे विणकर हवालदिल झाले. अखेर १६८६ मध्ये चौदाव्या लुईच्या सरकारने हे कापड आणण्यावर आणि तसे छापण्यावर बंदी घातली. अंगावर दिसले तर दंड! ही बंदी १७५९ पर्यंत, म्हणजे तब्बल त्र्याहत्तर वर्षे टिकली. तरी चोरून कापड येतच राहिले. आज पॅरिसची नक्कल जग करते. तेव्हा पॅरिस आपली नक्कल करीत होते आणि पकडले जात होते. आज फ्रेंच वेशगृहांत ज्या आकडीने मणी आणि टिकल्या भरतात, तिचे आपल्या आरीकामाशी जवळचे नाते आहे. हा साखळीटाका अठराव्या शतकात पूर्वेकडून तिकडे गेला.

गोव्याच्या ऐषारामाचे वर्णनही फ्रेंच माणसांनीच करून ठेवले आहे. पिरार द लाव्हाल हा जहाज फुटून वाताहत झालेला प्रवासी १६०८ ते १६१० या काळात गोव्यात होता. राजाच्या इस्पितळात त्याने चांदीची भांडी आणि रेशमी पांघरुणे पाहिली. रस्त्यावर मिरवणाऱ्या पोर्तुगेज शिपायांचे गुपितही त्याने फोडले आहे. हे शिपाई दहा-बाराजण एका घरात राहत आणि सर्वांत मिळून दोन-चारच रेशमी पोशाख असत. एकाने तो घालून हिंडून यायचे, तोवर बाकीच्यांनी घरात बसायचे. आमच्या भाड्याच्या साड्यांची आठवण होऊन मला हसू आले. भपका भाड्याने आणायची चाल चारशे वर्षांची जुनी आहे तर!

दुसरा फ्रेंच प्रवासी जवाहिऱ्या ताव्हर्निये. तो १६४१ मध्ये गोव्याला आला आणि १६४८ मध्ये पुन्हा आला. पहिल्या खेपेला ज्यांच्या वैभवाचा त्याने पाहुणचार घेतला, त्यांतले काहीजण दुसऱ्या खेपेला रात्री गुपचूप येऊन त्याच्यापाशी मदत मागू लागले. मात्र तोरा कमी झाला नव्हता, असे तो लिहितो. मधल्या सात वर्षांत डचांनी पोर्तुगेजांचा व्यापार कापून काढला होता. याच ताव्हर्नियेने पुढे हिंदुस्थानातून नेलेला मोठा निळा हिरा १६६८-६९ च्या सुमारास चौदाव्या लुईला विकला. तो हिरा नंतर पुन्हा पैलू पाडून 'होप' या नावाने वॉशिंग्टनच्या संग्रहालयात विराजमान झाला. हिरा विकणाऱ्याचे नाव राहिले, मिरवणाऱ्यांची राहिली. खाणीतून तो उपसणाऱ्याचे नाव कुठे आहे? खाणीच्या गावात राहणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रश्न सुचतोच. पाळीच्या डोंगरांतून किती खनिज बार्जींत भरून गेले, याचे आकडे दप्तरात मिळतील. टोपल्या उचलणाऱ्यांची यादी मी तरी कुठे पाहिलेली नाही.

आपल्या मराठी संस्थानिकांनी पॅरिसच्या पेढ्यांना हात दिला तोही सढळ. बडोद्याच्या गायकवाडांसाठी लुई व्हिताँने १९२६ मध्ये चहाच्या सरंजामाची खास पेटी बनवली होती. सयाजीरावांची कन्या इंदिराराजे कूचबिहारची महाराणी झाली आणि फ्रेंच शिफॉनच्या पांढऱ्या साडीची चाल तिच्यामुळेच पडली असे मानले जाते. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी १९१३ मध्ये पॅरिसच्या शोमे या पेढीतून नासपतीच्या आकाराचे दोन हिरे घेतले. त्यांचे चिरंजीव यशवंतराव आणि कागलच्या घाटगे घराण्यातून आलेल्या संयोगिताराजे यांची मॅन रे याने पॅरिसच्या पोशाखात घेतलेली छायाचित्रे आजही कलाप्रेमी आवडीने पाहतात. २०१९ मध्ये या दांपत्याच्या अभिरुचीवर पॅरिसमध्ये मोठे प्रदर्शनही भरले. वैभव होते, रसिकताही होती. फक्त त्या रसिकतेची वाट कागलच्या शेजारच्या चांभारवाड्यावरून गेली नाही. त्या वाड्याकडे पुढे वळणारच आहे, आधी गोव्याचे पाहू.

*

गोव्यात वस्त्र ही सत्तेचीही बाब होती. १७३६ मध्ये इन्क्विझिशनने फर्मान काढून बाटलेल्या लोकांना पुरुषांनी पुडवे आणि बायकांनी चोळी वापरण्याची मनाई केली. अंगावरचे कापड बदलले म्हणजे आतला माणूस बदलेल, असा तो हिशेब. आमचा डिचोली महाल पोर्तुगेजांच्या हाती आला तो १७८१ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये. ही नव्या काबिजादीतली मुलूखगिरी. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता, म्हणून आमच्याकडे जुना वेश टिकून राहिला.

कुणबी-गावडा बायकांचे कापड कामासाठी घडलेले होते. जाड सुताचे, तांबड्या चौकड्यांचे, आखूड. गुडघ्यापर्यंत ओचा घट्ट आणि पदर मागून पुढे घेऊन खांद्यावर त्याची गाठ. या गाठीला 'देंठली' म्हणतात. दोन्ही हात मोकळे राहतात, पाण्यात वाकून लावणी करताना काही ओघळत नाही. मूळच्या नेसण्यात चोळी नव्हतीच. बेतायला कुणी वर्थ नव्हता. चिखलाने आणि कष्टाने पिढ्यान्‌पिढ्या बेतलेला हा पोशाख होता. लहानपणी आमच्या शेतांत लावणीला बाया उतरल्या की हिरव्या-तपकिरी खाचरांत तांबडी ओळ उमटे. पुढे यंत्रमागाचे स्वस्त कापड आले, मग कृत्रिम धाग्याचे. खाणींच्या पैशाने शेते सुटली. लावणीच उरली नाही, तर लावणीचे कापड कुठून उरणार? आणि शिकलेल्या मुलींना आजीचे नेसणे गावंढळ वाटू लागले. ते त्यांना तसे वाटावे याला आम्हा मास्तरांचाही हातभार लागला. त्याविषयी शेवटी सांगतो.

या कापडाला पुन्हा उजेडात आणले बारदेसातील कोलवाळच्या वेंडेल रॉड्रिक्स यांनी. १९६० साली मुंबईत जन्मलेला हा मूळ गोमंतकीय मस्कतमधली नोकरी सोडून अमेरिकेत वेशकला शिकला. परदेशात आपले काम दाखवताना, 'या कपड्यांत तुझा देश कुठे आहे?' अशा अर्थाचा प्रश्न त्याला ऐकावा लागला आणि त्याने दिशा बदलली, असे ते स्वतः सांगत. ते गोव्यात येऊन राहिले, जुन्या घरांतले कपडे, चित्रे, नोंदी धुंडाळल्या आणि २०१२ मध्ये गोव्याच्या वेशभूषेचा इतिहास 'मोडा गोवा' या ग्रंथात मांडला. त्याच्या थोडे आधी त्यांनी कुणबी साडी हातमागावर पुन्हा विणून घेतली, आजच्या साडीच्या मापात आणली आणि दिल्लीच्या मंचावर नेली. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पुढच्याच वर्षी फ्रान्स सरकारने कलेसाठीचा 'शेव्हालिए' किताब दिला. कोलवाळचे आपले जुने घर त्यांनी वेशभूषेच्या संग्रहालयासाठी देऊ केले. १२ फेब्रुवारी २०२० रोजी, दिओरच्या त्या पहिल्या प्रदर्शनाच्याच तारखेला, त्यांचे निधन झाले.

रॉड्रिक्स यांचे ऋण मोठे आहे. शेतातल्या बाईचे वस्त्र इतिहासाचा विषय होऊ शकते, हे त्यांनी दाखवले. तरीही पट्टीचा प्रश्न उरतोच. दुकानात ती साडी 'अमुक यांची' म्हणून विकली जाते. माझी नववीतली विद्यार्थिनी विचारते ते नाव तिथेही नसते.

*

हा प्रश्न भावनेपुरता नाही, पैशाचाही आहे, हे २०२५ साली आपल्या सीमाभागानेच दाखवून दिले. २२ जून रोजी मिलान शहरात प्राडा या इटालियन पेढीने पुरुषांचे नवे पोशाख मांडले. त्यांतल्या तरुणांच्या पायांत जे होते ते कोल्हापूर, बेळगाव, अथणी, निपाणी इकडच्या कुणाही शाळकरी पोराने ओळखले असते. पेढीने त्याला नुसते 'चामड्याचे सँडल' म्हटले होते. खरे तर कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार, अशा आठ जिल्ह्यांचे मिळून. ज्या दोन राज्यांचा सीमेवरून तंटा मिटत नाही, त्यांना चांभाराच्या ऐरणीने एका कागदावर आणले होते! ओरड झाली तेव्हा पेढीने मूळ मान्य केले, तिची माणसे कोल्हापूरला येऊन गेली आणि डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. इथल्या कारागिरांकडून दोन हजार जोड करून घ्यायचे आणि सुमारे आठशे युरोला एक विकायचा, असे जाहीर झाले. त्याच जून महिन्यात पॅरिसमध्ये दिओरच्या एका कोटावर लखनौचे मुकैश काम होते आणि त्याचा उल्लेख नाही म्हणून तिथेही टीका झाली.

उलट उदाहरणही सांगायला हवे. याच दिओरने ३० मार्च २०२३ रोजी मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर आपले प्रदर्शन भरवले, तेव्हा कमानीवर लावलेले भव्य तोरण मुंबईच्या चाणक्य कला विद्यालयातल्या स्त्रियांनी भरतकाम करून केले होते आणि त्या संस्थेचे नाव उघडपणे घेतले गेले. मनात आणले तर नाव घेता येते, ते घेतल्याने पेढी लहान होत नाही, एवढे यातून दिसले.

पण पॅरिसला किंवा मिलानला दोष देऊन आपण सुटतो का? चपलेला मानांकन मिळाले ते आठ जिल्ह्यांच्या नावाने. ती शिवणाऱ्याला आपण कोणत्या नावाने हाक मारली? त्याच्या जातीच्या. कापड विणणाऱ्याला, नेसणाऱ्या बाईला कोणत्या? तिच्याही जातीच्याच. 'कुणबी साडी', 'चांभाराचा जोड'. युरोपात हातकाम करणाऱ्यातला एकतरी सही करण्याइतका मोठा झाला. आमच्याकडे कसब जन्माने मिळते असे मानले गेले, आणि जन्माने मिळालेल्याचे कसले कौतुक? ते वंशपरंपरेने आले म्हणजे फुकट आले, असा आमचा सोयीचा समज. त्या समजाने आपण कारागिराचे नाव गिळले आणि दामही गिळला.

*

आता राहिलेली कबुली. तीसेक वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका विद्यालयात नवा शिक्षक होतो. बक्षीस समारंभाला पणजीहून मोठे पाहुणे येणार होते. बैठकीची व्यवस्था माझ्याकडे. गणितात पहिला आलेल्या एका गावडा मुलाची आजी पुढच्या रांगेत येऊन बसली. तांबडे कापड, खांद्यावर देंठली, अनवाणी. मी तिला वाकून, अगदी गोड शब्दांत सांगितले, "आजी, तिथे पाहुण्यांची माणसे बसतील, तुम्ही मागे बसा." ती उठली. मागेही बसली नाही, दाराबाहेर उभी राहिली. मुलाचे नाव पुकारले तेव्हा तो मंचावर आला, पण बक्षीस घेताना त्याची नजर पाहुण्यांकडे नव्हती, दाराकडे होती. ती नजर मी विसरलो असतो तर बरे झाले असते.

परवा त्या विद्यालयात कामानिमित्त गेलो, तेव्हा जुनी पटनोंदणी पाहायला मागितली. मुलाचे नाव सापडले, बापाचे सापडले. आजीचे नाव लिहायला रकानाच नव्हता.

यंदा आम्ही पाळीच्या शाळेत नववीच्या मुलांना एक काम दिले. घरात जुने कापड असेल तर ते आणायचे आणि सोबत पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ते नेसणाऱ्या बाईचे पूर्ण नाव, गाव आणि माहीत असल्यास ते कुठे घेतले तेही लिहायचे. सात कापडे जमली. दोन धड होती, चार विरलेली, एक गोधडीत शिवलेले. विणकराचे नाव एकाही चिठ्ठीवर आले नाही. दोघी म्हाताऱ्यांनी मात्र घरी येणाऱ्या फिरत्या कापडवाल्याची आठवण सांगितली, ती मुलांनी लिहून घेतली आहे. तो धागा धरून शोध चालू आहे. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिच्या पणजीचे नावही एका चिठ्ठीवर आले. घरात ते कुणी उच्चारत नसत, सगळे 'म्हातारी' म्हणत, असे ती म्हणाली.

या सात कापडांची पेटी आता माझ्या कार्यालयात आहे. कुणी पाहुणे आले की मी ती उघडून दाखवतो आणि चिठ्ठ्या मोठ्याने वाचतो.